बाबा अजून सल्लागारालाच फोन करतात

पत्र

ताई, मी निफाड तालुक्यातली, कॉम्प्युटर इंजिनिअर. हिंजवडीतली नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या मित्राबरोबर कंपनी काढली. प्रायव्हेट लिमिटेड, दोघांचे निम्मे निम्मे शेअर. द्राक्ष बागायतदारांसाठी अ‍ॅप बनवलं. हवामानावरून डाऊनी आणि भुरी या द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगांचा इशारा, फवारणीची डायरी आणि कोणतं औषध मारल्यावर काढणीआधी किती दिवस थांबायचं त्याचा हिशेब असं सगळं त्यात आहे. डाउनलोड ११,००० झाले, पण मागच्या महिन्यात उघडलं ९०० जणांनी. सीझनचे ४९९ रुपये भरणारे फक्त ३८.

माझे सहा लाख संपले. बाबांचे नऊ लाख त्यात आहेत. आता जून आहे, पैसे ऑक्टोबरपर्यंत पुरतील. पुण्यातले एक गुंतवणूकदार २० टक्के शेअरसाठी ४० लाख द्यायला तयार आहेत, पण वर्षात एक लाख डाउनलोड दाखवायची अट आहे. दुसरीकडे एका निर्यातदाराच्या पॅकहाउसने, म्हणजे द्राक्षं निवडून पॅक करणाऱ्या केंद्राने, विचारलंय, 'आमच्या तीनशे शेतकऱ्यांच्या फवारणीच्या नोंदी तेवढ्या नीट ठेवून द्याल का?' मित्र म्हणतो, असली ऑर्डरची कामं करायची तर स्टार्टअप काढलं कशाला? आणि त्यालाच आता पुण्यात नोकरी मिळतेय. जायचंय, पण शेअर निम्मेच ठेवायचेत.

आमची तीन एकर बाग आहे. गंमत म्हणजे, बाबा अजून फवारणीसाठी सल्लागारालाच फोन करतात. मी कुठे चुकले? आता काय करू?

— मधली लेक

उत्तर

प्रिय लेकी,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू 'गंमत म्हणजे' म्हणत शेवटी टाकलंस. मी सुरुवात तिथूनच करणार आहे. पुण्यातल्या लहान सॉफ्टवेअर कंपन्यांचे हिशेब आणि कर बघणं हे माझं काम. त्यातल्या बऱ्याच जणांना हेच उत्तर घरात किंवा शेजारी उपलब्ध असतं, आणि ते विचारायचं राहून जातं.

आज संध्याकाळी बाबांना विचार की ते सल्लागाराला फोन का करतात. लेक म्हणून रागावून नको विचारूस, वही घेऊन बस. मला वाटतं ते सांगतील की तो माणूस बागेत येतो, पान उलटं करून बघतो, घडात बोट घालतो. शेजारच्या प्लॉटवर परवा काय झालं ते त्याला माहीत असतं. आणि त्याने सांगितलेली फवारणी वाया गेली तर त्याला बांधावर बोलावून जाब विचारता येतो. औषध घ्यायला बाबा ज्या कृषी सेवा केंद्रात जातात, तो दुकानदार काढणी होईपर्यंत उधारीवर माल देतो आणि सल्ला फुकट देतो. तुझी स्पर्धा दुसऱ्या कुठल्या अ‍ॅपशी नाहीच. ती या सल्लागाराच्या पायपिटीशी आणि त्या दुकानदाराच्या उधारीच्या वहीशी आहे. तुझं अ‍ॅप बागेत येत नाही, उधारी देत नाही आणि चुकलं तर कुणाला सापडत नाही.

म्हणून ४९९ चे १९९ केले तरी फरक पडणार नाही. द्राक्षाच्या एका एकराला वर्षाला लाखांत खर्च येतो, हे तुला मी सांगायला नको. जो माणूस एवढा खर्च करतो त्याला ५०० रुपये जड नाहीत. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला आणि चार दिवसांत डाऊनीने घड गेले तर वर्ष गेलं, एवढं त्या एका निर्णयावर अवलंबून असतं. तो निर्णय अनोळखी फोनवर सोपवायला माणूस धजत नाही. त्याच्या जागी मीही धजले नसते.

आता त्या ३८ जणांकडे वळू. डाउनलोडचा आकडा विसर. दिवाळीत गावात कुणी सांगितलं म्हणून टाकलं, मेमरी भरली म्हणून काढलं, असं ते खातं असतं. ९०० जणांनी अ‍ॅप उघडलं, त्यातले बहुतेक हवामान बघायला आले असतील, आणि हवामान फोनवर फुकट मिळतं. ३८ जणांनी मात्र खिशातून पैसे काढले. त्या प्रत्येकाला तू स्वतः फोन कर. अ‍ॅप कसं वाटलं, हे विचारू नकोस. सगळे 'चांगलं आहे' म्हणतील, आपल्याकडे कुणी तोंडावर वाईट बोलत नाही. विचार की शेवटचं कधी उघडलं, कशासाठी उघडलं आणि ते नसतं तर त्या दिवशी काय केलं असतं. माझा अंदाज आहे की त्यातले बरेच जण निर्यातीचा माल काढणारे निघतील आणि ते फवारणीच्या डायरीसाठी येत असतील. अंदाज खरा ठरला तर पॅकहाउसचं बोलावणं हा योगायोग उरत नाही. दोन्ही बाजूंनी तीच गरज पुढे येतेय.

ती गरज किती खोल आहे हे तुझ्या तालुक्यातले जुने बागायतदार सांगतील. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचा, बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्याचा, अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला. कंटेनर अडकले, सौदे मोडले आणि तो फटका निर्यातदारापासून शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांना बसला. माल कुठल्या बागेतून आला हे शोधता यावं म्हणून अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेची ग्रेपनेट ही व्यवस्था २००६ पासूनच होती. त्या प्रकरणानंतर उर्वरित अंशांच्या तपासण्या आणखी कडक झाल्या. निर्यातीचा प्लॉट कृषी खात्याकडे नोंदवावा लागतो, काढणीपूर्वी नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो, आणि या सगळ्या तपासणीवर पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची नजर असते. हे तुला माहीतच असेल. पण पॅकहाउसच्या बाजूने बघ. तीनशे शेतकरी, त्यांतल्या एकाने शेजाऱ्याचं ऐकून एक फवारणी जास्त मारली आणि सांगितली नाही, तर नमुना नापास होतो. जानेवारीत गाडी भरायची आणि त्याच वेळी कुणाची वही अर्धी, कुणाचा व्हॉट्सअ‍ॅपवर पुसट फोटो. यात पॅकहाउसचं दरवर्षी खरं नुकसान होतं, आणि त्यांच्याकडे त्यासाठी खर्च करायला पैसे आहेत. शेतकरी तुझं अ‍ॅप वापरेल, पैसे पॅकहाउस देईल. वापरणारा आणि पैसे देणारा वेगवेगळा असणं यात काहीही गैर नाही, फक्त कोण कोणता हे तुला पक्कं ठाऊक हवं.

तुझा मित्र म्हणतो ते थोडं खरं आहे. दहा गिऱ्हाइकांना दहा वेगळी सॉफ्टवेअर करून देणारी कंपनी कायम माणसांच्या तासांवर चालते, ती वाढत नाही. पण एका गिऱ्हाइकाची अडचण जवळून बघणं हा वेगळा प्रकार आहे. अँटिव्हायरस बनवणाऱ्या पुण्याच्या क्विक हीलचं बघ. रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात लागले, पुढे स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुरुस्तीला कॉम्प्युटर येऊ लागले तेव्हा लक्षात आलं की बऱ्याच मशिनमध्ये बिघाड नाहीये, व्हायरस आहे. धाकटे भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते, त्यांनी तो काढायची छोटी छोटी टूल लिहिली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यातून अँटिव्हायरस उभा राहिला. सुरुवातीला तो विकणं अवघड गेलं, आणि त्या काळात दुरुस्तीच्या धंद्याने घर आणि कंपनी दोन्ही चालवली. सिक्वोया या गुंतवणूक कंपनीचे ६० कोटी आले ते २०१० मध्ये, आणि शेअर बाजारात नोंदणी झाली २०१६ मध्ये. दुरुस्तीच्या काउंटरवर बसून जे दिसलं ते दुसऱ्या कुठे दिसलं नसतं. तुझा काउंटर त्या पॅकहाउसमध्ये आहे.

बसची तिकिटं ऑनलाइन विकणाऱ्या रेडबसचंही थोडं असंच झालं. २००५ मध्ये फणींद्र सामा यांना दिवाळीत बंगळुरूहून हैदराबादला जायला बसचं तिकीट मिळालं नाही, म्हणून मित्रांनी मिळून आधी बस ऑपरेटरांसाठी सॉफ्टवेअर लिहिलं. ऑपरेटरांना ते नको होतं. मग त्यांनी ऑपरेटरांकडून थोड्या सीट मिळवल्या आणि त्या प्रवाशांना विकून दाखवल्या. विक्री दिसली तेव्हा ऑपरेटर वळले. तुझा रस्ता नेमका उलट्या दिशेने जाईल, शेतकऱ्याकडून पॅकहाउसकडे. पण आधी विकून दाखवायचं आणि मग बांधायचं, हा क्रम तोच.

तेव्हा पॅकहाउसचं काम घे. पण पहिला महिना कोड लिहू नकोस. हे तुला सगळ्यात कठीण जाईल, कारण इंजिनिअरला अडचण आली की लॅपटॉप उघडायची सवय असते. सध्या काढणी नाही, पॅकहाउस शांत आहे, हीच वेळ चांगली. मागच्या सीझनच्या वह्या आणि फाइली मागून घे, वीसेक प्लॉट निवड आणि त्यांच्या नोंदी स्वतःच्या हाताने तक्त्यात भर. भरताना कुठे अडतेस ते लिहीत जा. तारीख नसेल. मात्रा 'एक टोपण' अशी असेल. औषधाचं नाव दुकानदाराने सांगितलेल्या ब्रँडचं असेल आणि प्रयोगशाळेचा अहवाल मात्र रेणूच्या, म्हणजे औषधातल्या मूळ रासायनिक घटकाच्या, नावाने येईल. एकच घटक दोन वेगळ्या ब्रँडच्या बाटल्यांतून दोनदा गेलेला असेल आणि ते शेतकऱ्याला माहीतही नसेल. या ब्रँडपासून रेणूपर्यंतच्या जोडणीत, माझ्या मते, तुझ्या कंपनीचा खरा माल आहे. हवामानाचा इशारा आज कुणीही देतो. नाशिक जिल्ह्यातल्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या औषधांची पक्की, सतत अद्ययावत राहणारी यादी आणि तिच्यावर चालणारा काढणीपूर्व दिवसांचा हिशेब, हे शेतात आणि दुकानात फिरल्याशिवाय कुणाला जमणार नाही.

दुसरी गोष्ट तुला तिथेच दिसेल. शेतकरी टाइप करणार नाही. हात औषधाने भरलेले, बागेत रेंज नाही, आणि फोन बऱ्याचदा मुलाकडे. तो बाटलीचा फोटो पाठवेल, नाहीतर 'आज सकाळी खालच्या प्लॉटला अमुक मारलं' असा व्हॉइस मेसेज पाठवेल. तेवढ्यावरून नोंद करून देता आली पाहिजे. सुरुवातीला ते ऐकून भरणारी माणूस तू स्वतः हो, नाहीतर गावातली एखादी मुलगी पगारावर ठेव. तीनशे शेतकरी म्हणजे काही लाख लोक नाहीत, हाताने जमतं. हाताने करताना जे रोज डोकं खातं त्याचाच कोड लिहायचा.

मग निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या आणखी दोन पॅकहाउसकडे जा, जमलं तर तासगावकडचं एक बघ. तीच वही दाखव. तिघांना बहुतांश तेच हवं असेल तर तुझ्याकडे उत्पादन आहे, आणि मित्राच्या शंकेचं उत्तरही. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी मागितल्या तर मित्राचं बरोबर ठरेल, आणि ते सप्टेंबरमध्ये कळलेलं पुढच्या मार्चमध्ये कळण्यापेक्षा बरं.

करार करताना काय बघायचं ते सांगते, माझा धंदाच तो आहे. दर प्लॉटमागे आणि सीझनमागे ठेव. निम्मी रक्कम छाटणीच्या आधी घे. सॉफ्टवेअरची मालकी तुझ्या कंपनीकडेच राहील असं स्पष्ट लिही. 'फक्त आमच्यासाठीच करा' अशी अट आली तर तिची वेगळी किंमत सांग, फुकट मान्य करू नकोस. नमुना पास होईल अशी हमी कुठल्याही शब्दांत देऊ नकोस. तू नोंद ठेवतेस, फवारणी तुझ्या हातात नाही.

आणि पैसे कधी येतील याचा हिशेब आधी मांड. समज तू ३ लाखांचं बिल दिलंस. सॉफ्टवेअर सेवेवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५४ हजार. तुझी नोंदणी असेल तर तो कर बिलाच्या हिशेबाने पुढच्या महिन्यात सरकारजमा करावा लागतो, पॅकहाउसने तुला एक रुपया दिलेला नसला तरी. वर त्यांनी पैसे देताना टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला तर तो परत मिळायला विवरणपत्र भरेपर्यंत थांबायचं. हातात पैसे नसताना झालेली मोठी विक्री लहान कंपनीला बुडवू शकते. चांगलं काम मिळालेल्या कंपन्या त्याच वर्षी पगाराला तुटलेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणून लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी केली नसशील तर या आठवड्यात कर, ती फुकट आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांच्या पलीकडे अडवता येत नाहीत. २०२३ च्या अर्थसंकल्पापासून आयकरातही तशी तरतूद आली आहे. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत गिऱ्हाइकाला तो खर्च वजावटीत दाखवता येत नाही. नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच बैठकीत कायदा ऐकवायचा नसतो. पण बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की त्यांचा सीए मार्चमध्ये आपणहून फोन करतो.

एक बाब मात्र धंद्यापलीकडची आहे, आणि तिच्यावर मी अडून बसेन. आजवर शेतकऱ्यांनी तुझ्या डायरीत जे भरलं ते तुझ्यावर विश्वास ठेवून, स्वतःसाठी भरलं. ते तू उद्या पॅकहाउसला दाखवणार. पॅकहाउस माल नाकारू शकतं, भाव पाडू शकतं. तेव्हा प्रत्येक शेतकऱ्याला मराठीत, सोप्या वाक्यांत सांग की कोणती नोंद कुणाला दिसेल, आणि त्याची संमती घे. नको म्हणणाऱ्याची नोंद दाखवू नकोस. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमती मागतोच. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. द्राक्षपट्ट्यात व्यापारी माल उचलून पैसे न देता गेल्याचे अनुभव घरोघरी आहेत. तिथे तुझं नाव 'पॅकहाउसची माणूस' असं पडलं तर ते पुसायला वर्षं जातील.

आता ४० लाखांचं. २० टक्क्यांना ४० म्हणजे त्यांनी पैशांसकट तुझ्या कंपनीची किंमत दोन कोटी धरली. तुझी आजची विक्री पाहता ते कमी नाही, आणि तुला मोह होणार हे मी समजू शकते. मला अडचण वाटते ती अटीची. एक लाख डाउनलोड आणायचे तर पैसे जाहिरातीत जातील, द्राक्ष नसलेल्या लोकांपर्यंत जातील, आणि वर्षाअखेरीला तुझ्याकडे हीच ११,००० आणि ३८ ची गोष्ट मोठ्या आकड्यांत असेल. वर २० टक्के गेलेले असतील. २०१५ मध्ये मुंबईच्या टायनीआउल या जेवण मागवायच्या अ‍ॅपने गुंतवणुकीच्या जोरावर शहरामागून शहर उघडलं. त्याच नोव्हेंबरात नोकरकपात झाली तेव्हा पुण्याच्या ऑफिसात कर्मचाऱ्यांनी देणी मिळेपर्यंत एका सहसंस्थापकाला अडवून धरलं. पुढच्या वर्षी ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. मला त्या पोरांचंही वाईट वाटतं, कारण त्यांना पैसे देणाऱ्यांनीच वेग मागितला होता. दुसऱ्या टोकाला १९९६ पासूनची सॉफ्टवेअर कंपनी झोहो आणि २०१० ची शेअर दलाल कंपनी झिरोधा आहे. बाहेरच्या गुंतवणूकदाराचे पैसे न घेता गिऱ्हाइकांच्या पैशांवर त्या वाढल्या. प्रत्येक कंपनीला ते जमत नाही, पण जमू शकतं एवढं लक्षात ठेव.

त्या गृहस्थांना नाही म्हणू नकोस. त्यांना सांग की डाउनलोडऐवजी पैसे देणाऱ्या पॅकहाउसची संख्या अट म्हणून ठेवा, आणि पैसे दोन हप्त्यांत द्या. त्यांनी ऐकलं तर माणूस समजूतदार आहे. नाही ऐकलं तर ऑक्टोबरपर्यंत तुला त्यांची गरज नाही. बोलणी पुढे गेलीच तर त्यांनी आधी ज्यांच्यात पैसे घातले अशा दोन जणांशी बोल, त्यांतला एक तरी असा निवड ज्याची कंपनी बंद पडली. चांगल्या दिवसांत सगळेच गुंतवणूकदार चांगले असतात. आणि करारातलं लिक्विडेशन प्रेफरन्सचं कलम वकिलाकडून समजावून घेतल्याशिवाय सही नको. कंपनी विकली गेली तर पहिला हात कुणाचा आणि किती पट, हे तिथे लिहिलेलं असतं.

मित्राबद्दल. तो जातोय याचा राग धरू नकोस. दोन वर्षं पगाराविना काम करून नोकरी शोधणं हा विश्वासघात नाही. पण कंपनी सोडून निम्मे शेअर ठेवणंही चालणार नाही, आणि हे तू भिडेपोटी पुढे ढकलते आहेस असं मला पत्रातून जाणवलं. निम्म्या-निम्म्यात तू एकटी कुठलाच ठराव पास करू शकणार नाहीस. महत्त्वाच्या ठरावांना तर तीन-चतुर्थांश मतं लागतात. जो माणूस कामाला येत नाही त्याच्या सहीसाठी कंपनी अडेल, आणि असे शेअर बघून कुठलाही गुंतवणूकदार मागे फिरेल. साधारण रीत अशी आहे की संस्थापकाचे शेअर चार वर्षांत हळूहळू पक्के होतात आणि मध्ये सोडलं तर उरलेले परत करायचे. तुमच्यात असा करार नाही, म्हणजे आता समजुतीनेच घ्यावं लागेल. त्या रीतीने धरलं तर दोन वर्षांचे त्याच्या वाट्यातले निम्मे, म्हणजे कंपनीचे २५ टक्के, त्याच्याकडे राहतात. माझ्या मते तेही तुला जड जातील. १० ते १५ च्या दरम्यान सुरुवात कर. पण मनापासून कर. त्याने लिहिलेल्या कोडवरच तू पुढचे सहा महिने चालणार आहेस.

हे ठरायच्या आधी आणखी एक काम आहे, ते या आठवड्यातच करून घे. प्ले स्टोअरचं खातं कुणाच्या ईमेलवर आहे? डोमेन कुणाच्या नावाने घेतलंय? सर्व्हरचं बिल कुणाच्या कार्डावरून जातं? कोड कुठे ठेवलाय? यातलं बरंचसं त्याच्या खासगी ईमेलवर निघेल, कारण सुरुवातीला असं कुणी बघत नाही. सगळं कंपनीच्या नावावर घे, आणि त्याने केलेलं काम कंपनीच्या मालकीचं आहे असं एका कागदावर लिहून घे. संबंध गोड असताना हे दहा मिनिटांत होतं. शिवाय प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन संचालक आणि दोन भागधारक लागतात. तो संचालकपद सोडणार असेल तर दुसरं कोण, हे आताच ठरव.

आता बाबांचे नऊ लाख. ते तू कंपनीत काय म्हणून दाखवलेस? कर्ज की भांडवल? तुझ्या पत्रात ते नाही, आणि बहुधा वहीतही नसेल. संचालकाच्या नातेवाईकाकडून प्रायव्हेट कंपनीला कर्ज घेता येतं, पण ते पैसे त्यांनी दुसरीकडून उसने आणलेले नाहीत असं त्यांचं लेखी निवेदन लागतं. बाबांनी ते पीककर्जातून किंवा सोसायटीतून उचललेले नाहीत ना, एवढं त्यांना स्पष्ट विचार. तसं असेल तर ते कंपनीचं कर्ज म्हणून तसेच मांडता येणार नाहीत, आणि ते आधी फेडायचे. ही भीती वाटते म्हणून विचारायचं टाळू नकोस. बाबांना कंपनीचा खरा आकडा माहीत नाही आणि तुला त्यांच्या कर्जाचा, अशा दोन घरच्या अंधारांत धंदा चालवणं फार वाईट. त्यांना उरलेली रक्कम सांग, दरमहा किती जातात ते सांग आणि त्यांच्याकडून यापुढे एक रुपयाही घेणार नाहीस हेही सांग. तेवढ्यावर ते शांत झोपतील असं मी म्हणत नाही. पण सल्लागाराला देतात तसा खरा सल्ला ते तुलाही देऊ लागतील, आणि पॅकहाउसकडे माल देणारे त्यांच्या ओळखीतले शेतकरी तुला हवेच आहेत.

'मी कुठे चुकले' असं विचारलंस. लोक जे वापरतील ते तू आधी बांधलंस, पैसे कोण देणार हे नंतरवर सोडलंस. पण दोन वर्षं बागायतदारांत फिरून जी फवारणीची समज तुझ्याकडे आली, ती पुण्या-बंगळुरूच्या ऑफिसात बसून मिळत नाही, आणि पॅकहाउसने तिच्यासाठीच तुला बोलावलंय.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा कागदावर लिहून ठेव. ऑक्टोबरमध्ये छाटण्या सुरू झाल्या की पॅकहाउसला आणि शेतकऱ्याला नवं काही ऐकायला वेळ नसतो, आणि तुझे पैसेही तेव्हाच संपतात. तोपर्यंत किमान दोन पॅकहाउसची आगाऊ रक्कम बँकेत आली असेल तर हा सीझन काढ, आणि गुंतवणूकदाराकडे त्या जोरावर परत जा. एकाच पॅकहाउसची आली तर सीझन काढ, पण सोबत अर्धवेळ काम घे. एकही आली नाही तर नोकरीचे अर्ज टाक. ते आजपासून टाकायला सुरुवात केलीस तरी माझी हरकत नाही, बोलावणं यायला वेळ लागतो. बंद करायची वेळ आलीच तर कंपनी नुसती पडू देऊ नकोस. वार्षिक विवरणपत्रं राहिली की प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये विलंब शुल्क चढत जातं, आणि सलग तीन वर्षं राहिली तर संचालक म्हणून तुझ्यावर बंदी येते. त्यापेक्षा रीतसर अर्ज करून नाव काढून घेणं स्वस्त पडतं, आणि पुढे दुसरी कंपनी काढायचा रस्ता मोकळा राहतो.